सायकलवाल्यांसाठी पॉड टाकायचे? आधी सायकलची सोय बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. केळशी–अंजर्ले रस्त्यालगत तुमच्या सासऱ्यांचं जुनं कौलारू घर आहे, पुढे दहा गुंठे मोकळी जागा आहे. दिवाळीनंतर सागरी मार्गाने गोव्याकडे जाणारे सायकलवाले दारावरून जाताना दिसतात, काही पाणी मागायला थांबतात. मुंबईत पाहिलेत तसे फायबरचे आठ स्लीपिंग पॉड, म्हणजे एका माणसाला झोपण्यापुरत्या पेट्या, आवारात ठेवून त्यांच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय करावी, असा विचार आहे. एका कारखान्याचं दरपत्रकही आणलंय. घ्यावेत का, आणि घेतले तर काय बघावं, असं तुम्ही विचारलंय.

पॉड जरूर करा. पण कारखान्यातले आणून अंगणात ठेवू नका. घराच्या आत, तुमच्या ओळखीच्या सुताराकडून लाकडाचे करून घ्या, आणि आठ नकोत, चारपासून सुरुवात करा. त्याच्याही आधी सायकल ठेवायची जागा, ओले कपडे वाळवायची जागा आणि पहाटेचं खाणं या तीन गोष्टी मार्गी लावा. त्या झाल्या तर सायकलवाला तुमच्या ओटीवर चटई टाकूनही समाधानाने झोपेल. त्या नसतील तर पॉड कितीही देखणा असो, तो पुन्हा येणार नाही आणि चार जणांना येऊ नका म्हणून सांगेल.

मी हे ऐकीव सांगत नाही. गुहागर तालुक्यात आमच्या जुन्या घरात गेली नऊ वर्षं सायकलवाल्यांची सोय करतो, आणि मी स्वतः त्याच्या कितीतरी आधीपासून लांबच्या पल्ल्याची सायकल चालवतो. सुरुवातीला मीही फायबरचेच दोन पॉड आणले होते. हापूसच्या कलमाखाली चौथरा बांधून ठेवले. दिसायला सुरेख, अंड्यासारखे, आत निळा दिवा. नोव्हेंबरात पहिला पाहुणा आला, पुण्याचा, पन्नाशीचा गृहस्थ. दिवसभरात तीन घाट्या चढून आला होता. नऊला आत शिरला. रात्री दोनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठलो तर तो ओटीवर. पॉडमधली गादी काढून आणली होती, भिंतीला टेकवलेल्या सायकलीशेजारी अंथरली होती आणि पुढच्या चाकाच्या आऱ्यांत बोटं अडकवून गाढ झोपला होता. सकाळी मी पॉडमध्ये डोकं घातलं. वरच्या गोल छताला आतून पाण्याचे थेंब धरले होते आणि ते वळणावरून ओघळून बरोबर उशीच्या जागी जमा झाले होते. उशी पिळली असती तर पाणी निघालं असतं.

त्या एका रात्रीत दोन गोष्टी कळल्या. पहिली हवेची, दुसरी सायकलीची.

हवेचं गणित सांगतो, कारण दरपत्रकात ते सापडणार नाही. सात फूट लांब, साडेतीन फूट रुंद, साडेतीन फूट उंच पॉड म्हणजे साधारण २४०० लिटर हवा. झोपलेला माणूस तासाला अंदाजे १२ ते १५ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. म्हणजे पॉड खरोखर बंद असेल तर तासाभरात आतलं प्रमाण अर्ध्या टक्क्यावर जातं, बाहेरच्या हवेच्या दहापटीहून जास्त. आठ तासांच्या पाळीसाठी अनेक देशांत कामगारांसाठी जी वरची मर्यादा धरतात ती एवढीच आहे. डोकं जड होणं, तोंड कोरडं पडणं, झोपूनही न झोपल्यासारखं वाटणं हे सगळं त्यातून येतं. शिवाय झोपलेल्या माणसाच्या अंगातून सत्तर-ऐंशी वॅट उष्णता निघत असते, आणि श्वासातून नि घामातून रात्रभरात पावशेराहून जास्त पाणी. दिवसभर शंभर किलोमीटर मारून आलेल्याचं अंग तर पहिले काही तास तापलेलंच असतं. जपानात किंवा मुंबईतल्या वातानुकूलित इमारतीत हे पाणी आणि ही उष्णता यंत्र ओढून घेतं. आपल्याकडे ऑक्टोबरच्या रात्री बाहेरचीच हवा दमट असते. गुळगुळीत फायबरला ओल शोषता येत नाही, म्हणून थेंब धरतात. लाकूड, चुन्याची भिंत, कौलं ही मंडळी शोषतात आणि सोडतात. आपल्या आजोबा-पणजोबांनी कोकणात घरं तशी बांधली ती उगीच नाही.

मुंबईतल्या ज्या पॉडवरून तुम्हाला कल्पना सुचली ते वाईट आहेत, असं अजिबात नाही. कॅप्सूल हॉटेलची सुरुवातच मोठ्या शहरात झाली, १९७९ मध्ये ओसाकात, किशो कुरोकावा या वास्तुविशारदाच्या आराखड्यावर. रात्री उशिरापर्यंत शहरात अडकलेल्या माणसाला काही तास आडवं व्हायला जागा, एवढाच त्याचा हेतू. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ मध्ये आयआरसीटीसीने पॉड हॉटेल सुरू केलं तेही रेल्वेच्या प्रवाशांसाठी. एक बॅग, एक माणूस, सकाळची गाडी. या माणसाकडे सायकल नसते, चिखल नसतो, ओली चड्डी नसते, आणि पहाटे चारला त्याला पोटभर जेवायचं नसतं. आपला पाहुणा वेगळा आहे, हे लक्षात घेतलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

आता सायकलीकडे येतो. सागरी मार्गावर जो सायकलवाला तुमच्या दारावरून जातो त्याची सायकल बहुधा पन्नास हजारांच्या वरची असते, कधी दोन-तीन लाखांची. पैशापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे ती गेली की त्याची सहलच संपली. बाहेर पत्र्याखाली, उघड्यावर, ‘आमच्याकडे चोऱ्या होत नाहीत हो’ एवढ्या शब्दावर ती ठेवून त्याला झोप लागत नाही. म्हणून सायकल घराच्या आत, शक्यतो झोपायच्या जागेतून दिसेल अशी. आम्ही पडवीला लाकडी जाळीचं दार केलं, भिंतीला साडेचार फुटांवर सागाची आडवी पट्टी ठोकली आणि तिच्यात रबर चढवलेले हूक बसवले. जमिनीलगत लोखंडी सळई जांभ्याच्या चिऱ्यात सिमेंटने पक्की केली, तिला ज्याचं त्याने कुलूप लावायचं. एका सायकलीला दोन फूट रुंदी धरा. पॅनिअर, म्हणजे चाकाच्या बाजूला अडकवायच्या पिशव्या, लावलेली असेल तर तीन. दाराची किल्ली पाहुण्याकडे, एक तुमच्याकडे. हे झाल्यापासून चाकात बोटं अडकवून झोपलेला माणूस मला दिसलेला नाही.

युरोपात हे शहाणपण केव्हाच कागदावर आलंय. जर्मनीत एडीएफसी ही सायकलवाल्यांची संघटना १९९५ पासून ‘बेट अँड बाइक’ नावाने मुक्कामाच्या ठिकाणांना पाटी देते. त्यांच्या अटी वाचल्यात तर नवल वाटेल. खाटेचा आकार कुठेच नाही. एका रात्रीसाठी आलेल्यालाही नाकारायचं नाही, सायकलींना कुलूपबंद जागा हवी, कपडे आणि सामान वाळवायला जागा हवी, न्याहारी भरपेट हवी, किरकोळ दुरुस्तीची हत्यारं हवीत, अशा त्या अटी. नेदरलँड्समध्ये १९८४ पासून ‘व्रिंडेन ऑप डे फिट्स’ म्हणून एक जाळं आहे. सायकलवरून किंवा पायी फिरणाऱ्यांना सामान्य माणसं आपल्या घरातली खोली ठरलेल्या माफक दरात, न्याहारीसकट देतात. पॉड नाही, पाट्या नाहीत, थाट नाही. तुमचं घर तर त्यासाठी आजच तयार आहे.

एका रात्रीची अट मुद्दाम ठळक सांगतो. आपल्या किनाऱ्यावर डिसेंबरात शनिवार-रविवारी एकट्या माणसाला एका रात्रीसाठी खोली मिळता मिळत नाही. मिळाली तरी पूर्ण खोलीचे पैसे. मी स्वतः दिवेआगरपासून श्रीवर्धनपर्यंत अंधारात दारं ठोठावत गेलोय, प्रत्येक ठिकाणी ‘फॅमिली आहे का?’ हाच प्रश्न. पॉडचा खरा फायदा इथे आहे. तो माणशी विकता येतो. एकटा आला, एका पॉडचे पैसे दिले, सकाळी गेला. त्याला अपमान वाटत नाही आणि तुमची खोली अडकत नाही. मला पॉड आवडतात ते एवढ्यासाठी.

आता प्रत्यक्ष बांधणी. तुमचं माजघर किती आहे ते लिहिलेलं नाही, म्हणून आमचंच माप देतो: बावीस फूट बाय चौदा. दोन लांब भिंतींना तीन-तीन पॉड, एकेक सात फूट लांब आणि साडेतीन फूट खोल, मध्ये सात फुटांची वाट. तोंड लांब बाजूला, म्हणजे रेल्वेच्या बर्थवर बसतो तसं बसून पाय वर घ्यायचे. जपानी पद्धतीत तोंड डोक्याच्या किंवा पायाच्या बाजूला असतं आणि रांगत आत जावं लागतं. त्यात जागा वाचते, पण दिवसभर पेडल मारलेल्या गुडघ्यांवर रांगणं ही शिक्षा आहे. तीच गोष्ट वरच्या मजल्याची. दोन थर केले तर बारा पॉड बसतात हे मलाही दिसत होतं, आणि एक वरचा पॉड मी करूनही पाहिला. मध्यरात्री शिडीवरून उतरताना एका मुलीच्या पोटरीत गोळा आला. शेवटच्या दोन पायऱ्या ती अक्षरशः माझ्या आईच्या अंगावर आली. दोघींना लागलं नाही हे नशीब. दुसऱ्या दिवशी मी वरचा पॉड काढला आणि तिथे सामान ठेवायची फळी केली. तुम्ही वरचा थर करूच नका.

तळ जमिनीपासून सोळा-सतरा इंच, म्हणजे साध्या पलंगाएवढा. खाली हवा खेळती राहते, बॅगाही सरकतात. चौकट सागाची परवडली नाही तर फणसाची चालेल, बाजूंना मरीन प्लाय. सर्वांत महत्त्वाचं हे की बाजू छतापर्यंत बंद करू नका. वरची फूटभर जागा लाकडी जाळीची ठेवा आणि पॉडला वेगळं छत देऊच नका. वर घराचा माळा किंवा कौलं आहेतच. शेजारच्याचं घोरणं थोडं ऐकू येईल, हे मान्य. पण हवा की शांतता यातलं एकच मिळणार असेल तर आपल्या हवामानात हवा घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. घोरण्यावर कानात घालायचे कापसासारखे बोळे मिळतात. एक डबा भरून ठेवा, लोक आशीर्वाद देतात.

प्रत्येक पॉडला पायाच्या बाजूला १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा छोटा पंखा लावा, कॉम्प्युटरच्या डब्यात असतो तोच. दोन-तीन वॅट खातो, आवाज जवळजवळ नाही. सहा पंखे आणि सहा दिवे मिळून इतका कमी भार होतो, की वीज रात्रभर गेली तरी घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी सकाळपर्यंत पुरते. आणि वीज जातेच, हे तुम्हाला मी सांगायला नको. वातानुकूलन हवंच असेल तर पूर्ण माजघराला एक यंत्र बसवा, तेही दोन हंगाम झाल्यावर.

तोंडाला दार नको, जाड सुती पडदा. फोम, रेक्झिन, फायबर हे सगळं पेटलं तर धूर जीवघेणा असतो, आणि झोपेतला माणूस आतली कडी शोधत बसेल तर संपलं. जपानी कॅप्सूललाही कुलपाचं दार नसतं, पडदाच असतो किंवा वरून खाली ओढायची गुंडाळी. माजघराला बाहेर पडायला दोन वाटा हव्यात आणि रात्री दोन्हींच्या कड्या आतून हाताने उघडणाऱ्या, कुलूप नाही. धुराची सूचना देणारं बॅटरीवरचं यंत्र आणि अग्निशामक नळकांडं या दोन्ही गोष्टी घ्याच. आणखी एक नियम आम्ही कधी मोडत नाही. विजेवर चालणाऱ्या सायकलीची बॅटरी झोपायच्या दालनात चार्ज करायची नाही. तिची जागा पडवीच्या टोकाला, सिमेंटच्या कट्ट्यावर, आणि ती झोपण्यापूर्वी काढायची. फोन, दिवे, जीपीएस यांच्यासाठी मात्र प्रत्येक पॉडमध्ये दोन यूएसबी आणि एक साधा प्लग हवा. सायकलवाल्याकडे रात्री चार्ज करायच्या चार वस्तू तरी असतात.

पडद्याचा मुद्दा निघाला म्हणून बायकांच्या सोयीचं बोलतो. अलीकडे एकट्या किंवा दोघी-दोघी फिरणाऱ्या मुली पुष्कळ येतात आणि त्यांना अनोळखी पुरुषांबरोबर पडद्याच्या आड झोपवणं मला बरोबर वाटत नाही. बाजूची एक खोली, दोन पॉड, आतून कडी, न्हाणीघर लागून, एवढं त्यांच्यासाठी वेगळं ठेवा. तुम्ही घरात आहात हेच त्यांना सर्वांत मोठं आश्वासन असेल. फोनवर आमच्याकडे मुली पहिला प्रश्न ‘घरात कोण कोण असतं?’ हाच विचारतात.

ओल्या कपड्यांबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सायकलवाल्याची पॅडवाली चड्डी ही त्याच्या सामानातली सर्वांत नाजूक वस्तू. बहुतेकांकडे दोनच असतात. एक अंगात, एक धुतलेली. ती सकाळी ओलसर राहिली तर पुढचे सत्तर-ऐंशी किलोमीटर कातडी घासून बसायच्या जागी फोड येतात आणि सहल तिथेच आटोपते. किनाऱ्यावर रात्री दोरीवर टाकलेलं पॅड वाळत नाही, उलट दव धरतं. आम्ही एका जुन्या सेमी-ऑटोमॅटिक धुलाई यंत्राचा फक्त पिळणारा भाग वापरतो. पाच मिनिटं फिरवलं की कपडा जेमतेम दमट राहतो, मग पंख्याखाली दोरीवर. ते यंत्र येईपर्यंत हातयुक्ती सांगतो. कोरडा पंचा पसरायचा, त्यावर चड्डी ठेवायची, पंच्यासकट घट्ट गुंडाळी करायची आणि तिच्यावर उभं राहून पाय द्यायचे. पंचा पाणी ओढून घेतो. म्हणून माणशी दोन पंचे द्या, एक अंगाला, एक या कामाला. गादीवर चादरी गडद रंगाच्या सुती वापरा. चेनचं काळं तेल पांढऱ्या चादरीतून निघत नाही. गादी काथ्याची, वर दोन इंच फोम, आणि रेक्झिनची खोळ अजिबात नको. घामाने अंगाला चिकटते.

बाहेर एका कोपऱ्यात नळी, जुना ब्रश आणि फडकी ठेवा. फेरीबोटीच्या धक्क्यावरून येताना चाकांना खारं पाणी आणि रेती लागलेली असते, ती रात्रभर चेनवर राहिली की सकाळी करकर सुरू होते. नळीला जोराची तोटी लावू नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. दोन्ही प्रकारच्या वॉल्व्हला चालणारा उभा पंप, चेनचं तेल, पंक्चरचं सामान, ॲलन चाव्यांचा संच, दोन-तीन मापांच्या ट्यूबा एवढं पुरे. हे सगळं दोन-चार हजारांत येतं आणि याने तुमचं नाव पॉडपेक्षा लवकर होईल.

खाण्याचं. तुम्ही पाहुण्यांना माशाचं ताट द्याल, ते उत्तमच. पण वेळा सायकलवाल्याच्या पाळाव्या लागतील. तो पाचला येतो आणि त्याच क्षणी त्याला भूक असते. कोकम सरबतात मीठ जरा सढळ घाला, बरोबर केळी किंवा गूळ-शेंगदाणे. सातला जेवण, साडेआठला आडवा. भात भरपूर करा, आमच्याकडे चौघांत दोन किलो भात संपलेला मी पाहिलाय. पहाटे निघणाऱ्यासाठी रात्रीच मेतकूट-भात किंवा दशमी डब्यात, चहा थर्मासमध्ये. कुणी पाचला उठून पोहे करून दिले तर तो माणूस जन्मभर विसरत नाही, पण रोज ते होत नाही आणि व्हायलाही नको, घरातल्या बाईचं अंग काही लोखंडाचं नसतं.

आता एक फरक समजून घ्या, कारण इथे मी दोन वर्षं चुकलो. सायकलवाले दोन जातींचे. एक फिरस्ते. मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरून टप्प्याटप्प्याने गोवा गाठणारे. वाटेत आगरदांडा–दिघी, बागमांडले–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा फेरीबोटी घेत येतात. प्रत्येक खाडीपाशी खाली उतरायचं आणि पलीकडे पुन्हा घाटी चढायची, त्यामुळे दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटरच होतात. तुमचं गाव त्यांच्या दुसऱ्या मुक्कामाच्या टप्प्यात येतं, वेश्वीहून पुढे आलेले. यांना पूर्ण रात्र हवी. दुसरे ब्रेव्हेवाले. २००, ३००, ४००, ६०० किलोमीटर ठरलेल्या वेळेत करणारे. ६०० ला ४० तास मिळतात, त्यात ते दोन-तीन तास झोपतात. रात्री एकला येतील, चारला जातील, बॅगेची वेल्क्रो खर्रकन ओढतील, प्लास्टिकच्या पिशव्या वाजवतील, मोबाइलचा गजर तीनदा वाजेल. दोघांना एका दालनात झोपवलंत तर फिरस्त्यांची रात्र वाया. ब्रेव्हे तुमच्या रस्त्यावरून जाणार असेल तर आयोजकांशी आधी बोला, त्या रात्री फिरस्त्यांचं आरक्षण घेऊ नका, किंवा ब्रेव्हेवाल्यांना ओटीवर सतरंज्या द्या. त्यांना तेवढं पुरतं.

कसं पुरतं ते मी फ्रान्समध्ये पाहिलं. २०१९ च्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेला गेलो होतो. १२०० किलोमीटर, ९० तास. रांबुये गावाहून निघायचं, अटलांटिकच्या काठावर ब्रेस्टला जाऊन परत. लुदेआक नावाच्या गावी मुक्कामाचं नियंत्रण केंद्र आहे. ऑगस्ट असून रात्री बोटं गारठत होती. शेकडो लोक एका मोठ्या दालनात ओळीने आडवे. दारात एक आजीबाई टेबल मांडून बसलेल्या, पुढे चौकटींचा कागद. किती वाजता उठवू, त्यांनी खुणेनेच विचारलं. मी चारावर बोट ठेवलं. त्यांनी माझ्या जागेच्या चौकटीत चार लिहिला. एका मुलाने बॅटरीच्या उजेडात मला जागेवर नेलं, एक घोंगडी दिली. गजर लावायचा नाही, कारण तिथे गजर लावणं म्हणजे बाकीच्यांची झोप मोडणं. बरोबर चारला कुणीतरी माझ्या पावलावर हलकेच दोन थापा मारल्या. डोळे उघडले तर तोच मुलगा, तोंडावर बोट ठेवून हसत पुढच्याकडे निघालेला. त्या तीन तासांत मी जितका निर्धास्त झोपलो तितका चांगल्या हॉटेलातही झोपलेलो नाही. परत आल्यावर आमच्या माजघरात पहिली गोष्ट आली ती फळा. पॉडचा क्रमांक, उठवायची वेळ, चहा की कॉफी. रात्री पाहुण्याने खडूने लिहायचं, पहाटे आम्ही पावलावर थाप मारायची. पावलावरच, खांद्यावर नाही. अंधारात खांद्याला हात लागला की माणूस दचकतो.

आणि हे आपल्याला नवं नाही. जुन्या देवळांच्या आवाराभोवती ओवऱ्या असतात ना? तीन बाजूंनी दगडी भिंत, पुढे उघडी, एका-दोघांनी पथारी टाकावी एवढी जागा, डोक्यावर छत, समोर विहीर. वारकऱ्याला, यात्रेकरूला तेवढं पुरत होतं. मी सुताराला नकाशा काढून देत होतो तेव्हा तो म्हणाला, ‘म्हणजे ओवऱ्याच करायच्या की लाकडाच्या.’ त्या दिवसापासून आमच्या घरात पॉडला ओवरी म्हणतात.

अंगणातल्या पॉडबद्दल आणखी तीन हरकती आहेत, त्या पटकन सांगतो. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तुम्ही पाहिलंय. दापोली-मंडणगडात पत्रे आणि कौलं कशी उडाली ते आठवा. हलक्या फायबरच्या पेट्या चौथऱ्याला नुसत्या स्क्रूने धरलेल्या असतात. दुसरं, जांभ्याच्या सड्यावर फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असतं. रात्री पॉडमधून उतरून अनवाणी पायांनी शौचालयापर्यंत अंधारात जाणारा शहरी माणूस मला नको वाटतो. तिसरं कायद्याचं. तुमचं घर समुद्राच्या किंवा खाडीच्या भरतीरेषेजवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात. समुद्राच्या बाजूने ते ५०० मीटरपर्यंत येतात. तिथे नवं काही उभं करायला परवानगी लागते. याउलट २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिकांना आपल्या आहे त्या घरात, जोतं, रचना आणि दर्शनी भाग न बदलता घरगुती मुक्काम चालवायची मुभा आहे. घरातल्या ओवऱ्या त्यात बसतात. तरी तुमचा गट क्रमांक घेऊन एकदा तालुक्याला खात्री करा. राज्याच्या पर्यटन विभागाची न्याहारी-निवास योजना आहे, तिच्यात नोंदणी करा. पाहुण्यांची नोंदवही आणि ओळखपत्राची प्रत चुकवू नका. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते. या रस्त्याने परदेशी सायकलवाले येतात, तेव्हा ते आधीच शिकून ठेवा.

शेवटी पैसे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी म्हणजे साधारण एकवीस आठवडे. आमच्यासारखे सहा पॉड, आठवड्याला शुक्रवार-शनिवार या दोन रात्री, सगळे भरले तरी २५२ माणसं. निम्मे भरले असं धरा, १२६. माणशी पाचशे घेतले तर त्रेसष्ट हजार, जेवणाचे वेगळे. मार्चनंतर ऊन, जूननंतर पाऊस, सायकलवाले जवळजवळ थांबतात. हा आकडा वाईट नाही, पण यावर कर्जाचा हप्ता काढू नका. म्हणूनच फायबरच्या आठ पॉडचं दरपत्रक बाजूला ठेवा म्हणतो. प्लाय, चौकटी, गाद्या, पंखे आणि सुताराची मजुरी धरून चार ओवऱ्या घरच्या बचतीतून होत असतील तर करा, नाहीतर दोनच करा. उन्हाळ्यात त्यात तुमच्या मुंबईच्या भाच्या-पुतण्यांना झोपवा, हंगामाबाहेर मोटारसायकलवाले आणि समुद्रपक्षी बघायला येणारे येतील.

पहिल्या दोन झाल्या की मला कळवा. धोपाव्याहून दाभोळची फेरी घेतली की संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे पोचतो. एक रात्र झोपतो आणि पंख्याचा आवाज, पडद्याची उंची, हूक किती वर हवेत ते सकाळी सुतारासमोरच सांगतो. जेवायला काय ते तुम्ही ठरवा, फक्त भात जास्त लावा.